भर दिवसा दिवे लावताना

गाडी घेऊन सहा महिने झाले, हप्ते वेळेवर जात आहेत, डॅशबोर्डवर गणपती बसला आहे आणि तरीही सोसायटीतला एकही सभासद आपल्या गाडीकडे मान वळवून पाहत नाही, अशी ज्यांची अवस्था आहे त्यांनी खचून जाऊ नये. सर्वांत खालचे मॉडेल देताना कंपनीने जे आपल्याला दिले नाही, ते बाजारात जोडीने मिळते. वरच्या मॉडेलच्या नाकाडावर भर उन्हात जळणारी ती पांढरीशुभ्र रेघ, जिला शोरूममधला विक्रेता आदराने डीआरएल (डेटाइम रनिंग लाइट, म्हणजे दिवसा लावायचा दिवा) म्हणतो, ती आपणही एका दुपारीत बसवून घेऊ शकतो. या विषयावर मार्गदर्शन करण्याचा अधिकार मला आहे, कारण हा सगळा प्रकार मी स्वतःच्या खर्चाने केलेला आहे.

आधी या दिव्यांचे कुळ थोडे जाणून घ्यावे, म्हणजे लिफ्टमध्ये कोणी विचारले तर सांगता येते. हे दिवे उत्तरेकडच्या थंड मुलखातले. स्वीडनने १९७७ साली दिवसाही दिवे लावूनच गाडी चालवण्याची सक्ती केली, कारण तिथे हिवाळ्यात सूर्य उगवल्यासारखे करतो आणि दुपारीच आवराआवर करू लागतो. युरोपीय संघात फेब्रुवारी २०११ पासून मंजुरीला येणाऱ्या नव्या मोटारींना ते बंधनकारक झाले. समोरच्याला आपली गाडी लांबून दिसावी, एवढाच त्यांचा हेतू. आपल्याला रस्ता दिसण्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. आता मुंबईत मेच्या मध्यावर सूर्य असा डोक्यावर येतो की माणसाची सावलीसुद्धा त्याच्या पायाखाली गडप होते, आणि समोरची गाडी लांबून दिसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ती लांब कधी नसतेच. सायनपासून घाटकोपरपर्यंत ती आपल्या बंपरपासून हातभर अंतरावर उभी असते. तेव्हा स्वीडनमध्ये जी गरज आहे ती आपल्याकडे शुद्ध कला आहे, आणि कलेला उपयोगाची फूटपट्टी लावू नये.

फूटपट्टी तिकडच्यांनी लावलेली आहे. युरोपातल्या नियमांप्रमाणे या दिव्याची तीव्रता ४०० ते १२०० कँडेला असावी लागते, दोन दिव्यांत किमान ६०० मिलिमीटर अंतर लागते, जमिनीपासून ते २५० मिलिमीटरपेक्षा खाली आणि १५०० पेक्षा वर चालत नाहीत, आणि हेडलाइट लागला की त्यांनी विझायचे असते किंवा मंद व्हायचे असते. दुकानात जाऊन कँडेला हा शब्द उच्चारू नये. दुकानदार आपल्याला मेणबत्तीचे दुकान दाखवील. तिथे वॅट विचारायचे असतात. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो त्याचे माप, प्रकाश किती देतो त्याचे नव्हे, ही शंका मनात आली तरी ती गिळावी आणि खोक्यावर सर्वांत मोठा आकडा छापलेली जोडी निवडावी. नुसता पांढरा दिवा घेणे हे तर अल्पसंतुष्टपणाचे लक्षण आहे. रंग बदलणारा, वळताना पिवळा होऊन वाहत जाणारा, आणि मनात आले तर लाल-निळा उघडझाप करणारा असा दिवा घ्यावा. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले, तेव्हापासून या शहरात रुबाबाची जी पोकळी निर्माण झाली आहे ती कोणीतरी भरून काढायलाच हवी. वाहनाने समोरच्या बाजूस लाल प्रकाश दाखवू नये असा नियम आहे खरा, पण तो ज्याने वाचला आहे असा माणूस मला अद्याप सिग्नलवर भेटलेला नाही.

आता मुख्य विषय, म्हणजे वायरिंग. हे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला सांगू नये. तिथला मनुष्य गाडीचा नकाशा काढतो, मूळ वायरला हात लावला तर विजेच्या भागांची वॉरंटी जाईल असे सांगतो आणि आपला उत्साह मारतो. त्याऐवजी फुटपाथला लागून असलेले एखादे दुकान गाठावे, जिथे गाडी अर्धी रस्त्यावर आणि अर्धी गटाराच्या झाकणावर उभी करून काम चालते. माझी गाडी ज्या मुलाने हाती घेतली तो सतरा-अठरा वर्षांचा असेल. त्याच्याकडे टेस्टर होता, म्हणजे एक छोटा बल्ब, त्याच्या एका वायरीला चिमटा आणि दुसऱ्या टोकाला सुई. चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावून तो बॉनेटखालच्या प्रत्येक वायरीला ती सुई टोचत गेला, जसा वैद्य नाडी शोधतो तसा, आणि सातव्या का आठव्या वायरीला बल्ब पेटताच ‘मिल गया’ म्हणाला. आधीच्या सहा-सात वायरींच्या प्लास्टिकला पडलेल्या भोकांची त्याने दखल घेतली नाही आणि आपणही घेऊ नये. समुद्राकडची खारी हवा त्यांतून आत शिरून तांबे हिरवे करायला पुरते एक वर्ष घेते. मग त्याने सापडलेली वायर दातांनी सोलली, दिव्याची वायर तिच्याभोवती दोन वेढ्यांनी गुंडाळली आणि वरून काळी टेप चढवली. सोल्डर, क्रिंप, गरम केल्यावर आक्रसणारी नळी वगैरे गोष्टी त्याने ऐकलेल्या असाव्यात, कारण मी त्यांचे नाव काढताच तो माझ्याकडे दयेने हसला. काळी टेप इंजिनच्या उष्णतेने महिन्या-दोन महिन्यांत चिकटपणा सोडते आणि वळलेल्या शेपटीसारखी उलगडते. तोवर आपण दुकानापासून पुष्कळ लांब गेलेलो असतो.

ती वायर पार्किंगच्या दिव्याची निघाली. त्यामुळे माझे दिवसाचे दिवे फक्त रात्री लागत असत. सकाळी गाडी सुरू केली की नाकाड काळेभोर, आणि संध्याकाळी सातनंतर, हेडलाइटच्या जोडीला, पूर्ण ताकदीने, समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या बुबुळात. मंद होण्याची सोय त्यांत नव्हती. मी तक्रार घेऊन गेलो, तेव्हा त्या मुलाने पाच मिनिटांत उपाय काढला: दिवे सरळ बॅटरीला जोडले आणि स्टिअरिंगखाली एक बटण बसवून दिले. ‘अब आपकी मर्जी, सेठ,’ तो म्हणाला. माणसाच्या मर्जीवर सोपवलेली गोष्ट किती टिकते ते त्या शनिवारी कळले. जोडी बारा वॅटची होती, म्हणजे बारा व्होल्टवर एक अँपिअर. बॅटरी पस्तीस अँपिअर-तासांची. शनिवार रात्र ते सोमवार सकाळ हे छत्तीस तास. चौथीच्या मुलालाही सुटावे असे हे गणित मी सोमवारी पावणेनऊला, किल्ली फिरवून आलेला नुसता ‘टक’ ऐकताना सोडवले. वॉचमन म्हणाला, ‘साहेब, दोन दिवस तुमची गाडी डोळे उघडे ठेवून बसली होती, मला वाटलं नवीन फॅशन आहे.’ फॅशन आहे हे त्याला समजले, यातच खर्चाचे सार्थक आहे.

काही चिकित्सक लोक या बाबतीत फार कटकट करतात. लॅमिंग्टन रोडवरून पाच पायांचा रिले, म्हणजे विजेने आपोआप फिरणारे बटण, आणावे, असे ते म्हणतात. त्याच्या ३० क्रमांकाच्या पायाला फक्त किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी वायर द्यावी, ८७ए या पायाला डीआरएल जोडावेत, ८६ ला हेडलाइटची वायर आणि ८५ ला अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जाणारी निगेटिव्ह वायर, द्यावी; म्हणजे गाडी सुरू होताच दिवे आपोआप लागतात, हेडलाइट लावताच रिले ओढला जाऊन ते विझतात आणि किल्ली काढली की सगळेच शांत होते. शंभर-दीडशे रुपयांचा डबा आणि पाच वायरी यांत माणसाने मर्जीने करण्यासारखे काहीच उरत नाही. अशा गाडीत बसून काय मजा?

हेच लोक फ्यूजबद्दलही बोलतात. एक अँपिअर खाणाऱ्या दिव्यांना दोन-तीन अँपिअरचा फ्यूज पुरतो आणि तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत बसवावा, म्हणजे पुढे कुठे वायर पत्र्यावर घासून सोलली गेली तर आधी फ्यूज उडेल, असे त्यांचे म्हणणे. दुकानात मात्र फ्यूजला पनवती समजतात, कारण उडालेला फ्यूज गिऱ्हाइकाला परत दारात आणतो. म्हणून तिथे एक तर तो लावतच नाहीत, किंवा थेट तीस अँपिअरचा लावतात, जो उडण्याआधी ती बारीक वायर स्वतःच फ्यूजचे काम करून टाकते. पत्र्याला टेकलेल्या वायरीतून गाडीची बॅटरी शेकडो अँपिअर सोडू शकते. त्या क्षणी आपली गाडी सायन सर्कलवरच काय, पार चुनाभट्टीवरूनही दिसेल, आणि लांबून दिसणे हाच तर या दिव्यांचा मूळ हेतू.

अर्थचे काम त्याहून सोपे. निगेटिव्ह वायरीचे टोक बॉडीच्या कुठल्याही स्क्रूखाली दाबायचे. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचे धातूचे कडे, कसायचे असते म्हणतात, पण नव्या गाडीचा रंग खरवडायला कोणाचे मन धजेल? माझ्या डाव्या दिव्याचा स्क्रू नशिबाने उघड्या पत्र्यात गेला. उजव्याचा रंगावरच बसला आहे.

दिवा बंपरला चिकटवण्यासाठी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप येते. बंपर नीट पुसून, कोरडा करून चिकटवला तर ती बरी टिकते. पण बंपरवर मुंबईची धूळ असताना चिकटवली तर टेप त्या धुळीला घट्ट धरून बसते आणि पहिल्या मोठ्या स्पीडब्रेकरवर धुळीसकट खाली येते. दिव्याच्या आत तीन-तीन एलईडींचे गट असतात आणि इंजिन चालू असताना त्यांना बाराऐवजी चौदा व्होल्टच्या आसपास दाब मिळतो, त्यामुळे स्वस्तातली पट्टी तापून तापून गटागटाने विझते. मग गाडी हसली की तिचे पुढचे तीन दात पडलेले दिसतात.

पावसाळ्याची धास्ती बाळगू नये. खोक्यावर आयपी ६७ लिहिलेले असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास दिवा तग धरील. आता हिंदमाताचे किंवा मिलन सबवेचे पाणी अर्ध्या तासात ओसरण्याच्या अटीवर भरत नाही, ही गोष्ट खोके छापणाऱ्याला कशी ठाऊक असणार? आणि समजा दिवा तगलाच, तरी जोडावरच्या काळ्या टेपवर आयपी कितीचा आकडा आहे हे कोणीही लिहिलेले नसते. दीप अमावास्येला आपण घरातले दिवे घासूनपुसून पाटावर मांडतो. माझ्या गाडीचे दिवे त्याच सुमारास आतून वाफ धरतात आणि मत्स्यालयासारखे दिसू लागतात. जुलैतल्या दुपारी आभाळ काळे होऊन पाऊस कोसळू लागला की मात्र त्यांचा खरा गुण कळतो. पुढे लख्ख उजेड पाहून आपल्याला वाटते की गाडीचे दिवे लागलेले आहेत, म्हणून आपण हेडलाइटचे बटण फिरवत नाही, आणि डीआरएलला मागचे दिवे जोडलेले नसल्याने आपली पाठ पूर्ण अंधारात राहते. मागच्या टेम्पोवाल्याला आपण दिसतो ते थेट स्पर्शाने.

कायद्याचेही दोन शब्द. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनात परस्पर फेरफार करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा बजावले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतचा कारावास सांगितला. आकडा ‘प्रत्येक फेरफारामागे’ आहे, तेव्हा डावा आणि उजवा मिळून एक धरावा की दोन, यावर चौकीत उभे राहून वाद घालण्याइतकी तयारी घरूनच करून निघावे.

आणि चार-सहा महिन्यांनी एक दिवा गेला तर घाबरू नये. माझा उजवा जातो. दुकानात एक दिवा कधीच मिळत नाही, जोडीच घ्यावी लागते. तो मुलगा जुना स्क्रू काढतो, दोनदा फुंकर मारतो, पुन्हा तिथेच आवळतो आणि नवा उजवा लख्ख लागतो. गेलेला उजवा तो ‘भंगार आहे, सेठ’ म्हणत ठेवून घेतो आणि खिशातल्या फडक्याने पुसून हळूच फळीवर सरकवतो. शिल्लक राहिलेला डावा आपला असतो, तो डिकीत जपून ठेवावा. माझ्या डिकीत असे तीन आहेत.