विलायतेत दुसऱ्याचा दंड आपल्या नावावर कसा सांभाळावा

अभिनंदन! तुमच्या दारात पाकीट येऊन पडलंय. आत लिहिलंय की अमुक तारखेला सकाळी ८ वाजून १२ मिनिटांनी तुम्ही रेडिंगच्या गाडीत विनातिकीट सापडलात, दंड मुदतीत भरला नाहीत, तर आता १०० पौंड आणि वर तिकिटाचे ८ पौंड ४० पेन्स भरा. तुम्ही त्या गाडीत नव्हता? त्या देशातच नव्हता? साताऱ्यात मावसबहिणीच्या हळदीला पाटावर बसून गाल पिवळे करून घेत होता? काही बिघडत नाही. रेल्वेला तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे की तुम्हीच होता.

सगळ्यात आधी आनंद माना. माझं नाव ह्या देशात आजवर कोणीही धड लिहिलेलं नाही. दवाखान्याच्या पत्रात एक एच कमी, बँकेच्या कार्डावर एक ए जास्त, आणि गॅसच्या बिलावर तर वडिलांचं नाव हेच माझं आडनाव झालंय, ते दुरुस्त करायचा नाद मी सोडून दिला. आणि ह्या पत्रात? माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, फ्लॅट नंबर, पोस्टकोड, सगळं पासपोर्टबरहुकूम. दोन मिनिटं मला खरंच बरं वाटलं हो.

मग इथली पद्धत समजून घ्या, फार सुंदर पद्धत आहे. ह्या देशात खिशात ओळखपत्र बाळगायची सक्ती नाही. २००६ साली ओळखपत्रांचा कायदा केला, २०१० साली तो रद्दही केला, कारण लोकांचं स्वातंत्र्य. त्यामुळे गाडीतला तपासनीस विनातिकीट माणसाला तोंडी नाव-पत्ता विचारतो आणि त्या पत्त्यावर त्या नावाचं कोणी राहतं का ते मतदार यादीत बघतो. राहतं? झालं मग, पटली ओळख. समोर उभा आहे तोच तो माणूस आहे का, हा प्रश्न शिष्टाचारात बसत नसावा. आपण भारतीय लोक कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून इथे मतदान करू शकतो, त्यामुळे आल्या आल्या हौसेने मतदार यादीत नाव घालतो. घाला, जरूर घाला. कुठेतरी कोणाच्या तरी उपयोगी पडतं.

मुदतीचं गणितही सोपं आहे. २१ दिवसांत भरलं तर १०० चे ५० होतात. अपीलही २१ दिवसांत. फक्त दंडाची मूळ नोटीस गाडीत हातोहात देतात, म्हणजे तुमची नोटीस तुमचं नाव सांगणाऱ्या त्या सद्गृहस्थाच्या खिशात. तुम्हाला पोस्टाने येतं ते मुदत संपल्याचं स्मरणपत्र. तेव्हा ज्या दिवशी तुम्हाला पहिल्यांदा कळतं, त्या दिवशी तुम्ही आधीच उशीर केलेला असतो.

फोन करायच्या आधी चहा करून ठेवा.

आता फोन. पहिली चाळीस मिनिटं संगीत ऐका. मग एक अतिशय गोड आवाजाच्या बाई येतील, नोटीस नंबर विचारतील, तुम्ही सांगाल की बाई, हा माणूस मी नाही, मी त्या दिवशी भारतात होतो, तर त्या म्हणतील सॉरी टू हिअर दॅट, पण तुम्ही तो प्रवासी नसाल तर डेटा प्रोटेक्शनमुळे, म्हणजे एकाची माहिती दुसऱ्याला द्यायची नाही ह्या कायद्यामुळे, मी तुम्हाला ह्या केसबद्दल काहीच सांगू शकत नाही. बरं, मग धरून चला की मीच तो. मग तुम्हीच असाल तर दंड भरा, कार्ड हाताशी आहे का? अहो पण नाव माझं, पत्ता माझा, पैसे माझ्याकडे मागताय, मग माझीच माहिती मला का नाही? कारण तुम्ही आत्ताच म्हणालात की तुम्ही तो नाही. म्हणजे माहिती हवी असेल तर मी गुन्हा कबूल करायचा आणि गुन्हा नाकारायचा असेल तर माहितीशिवाय नाकारायचा, आणि हे सगळं त्या बाई इतक्या मऊ आवाजात सांगतात की शेवटी आपणच थँक यू म्हणून फोन ठेवतो! मी ठेवला. थँक यू सो मच म्हणालो मी. नंतर स्वयंपाकघरात जाऊन मराठीत जे बोललो ते इथे लिहीत नाही, शेजारच्या गुजराती काकूंना कळलंय तेवढं पुरे.

मुंबईत लोकलने जायचो तेव्हा टीसी दादरच्या पुलावर बकोटीला धरायचा, २५० रुपये आणि भाडं घ्यायचा, पावती फाडायचा, विषय संपला. अपमान व्हायचा, पण ज्याचा व्हायला हवा त्याचाच व्हायचा.

अपील जरूर करा. एकूण तीन पायऱ्या आहेत आणि तिसरीवर स्वतंत्र पॅनेल बसतं. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'तिकीट का नव्हतं' ह्याची कारणं दिलेली असतात: मशीन बंद होतं, काउंटर बंद होता, तिकीट होतं पण दाखवता आलं नाही. 'मी नव्हतो' हे कारण यादीत नाही. 'इतर' वर टिचकी मारा. मी पासपोर्टवरचे मुंबईचे येतानाचे आणि जातानाचे दोन्ही शिक्के जोडले, विमानाचे बोर्डिंग पास जोडले, आणि वर शहाणपणा म्हणून हळदीचा तारखेसकट फोटो जोडला. उत्तर आलं की आपली अडचण आम्ही समजू शकतो, तथापि प्रवासाच्या वेळी वैध तिकीट होतं असं दाखवणारा पुरावा आपण सादर केलेला नाही. अरे, प्रवासाच्या वेळी माझ्याकडे उटणं होतं!

फोटोबद्दल एक ओळ वेगळी होती. चेहरा स्पष्ट दिसत नाही म्हणे. हळदीत काय दिसणार, कपाळ?

भरून टाका असं सांगणारे मित्र तुम्हाला भेटतीलच. त्यांचं ऐका, कारण दहा हजारांच्या वर रुपये देऊन मनःशांती मिळते, आणि पुढच्या वेळी त्या सद्गृहस्थाला आपला पत्ता चालतो हेही पक्कं होतं.

आणि नाही भरलं तर? तर प्रकरण कोर्टात जाऊ शकतं, १८८९ च्या रेल्वे कायद्याखाली. आणि कोर्ट म्हणजे रेल्वेची चूक होतच नाही असं समजू नका. ह्याच कायद्याखालचे खटले कंपन्यांनी बंद खोलीत एकेका मॅजिस्ट्रेटसमोर नुसत्या कागदांवर उरकले होते, तशी परवानगीच नव्हती, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये लंडनच्या कोर्टाने असे सुमारे ७४ हजार खटले मुळात रद्दबातल ठरवले. ७४ हजार! म्हणजे ह्यांना स्वतःचा कायदा नीट वाचता येत नाही, आणि मी २१ दिवस चुकवले म्हणून माझ्यावर डोळे वटारतात.

जाऊ दे, उपरोध वगैरे बास. कोणाला खरंच असं पत्र आलं असेल तर पैसे भरू नका. सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट, म्हणजे आपल्याबद्दल त्यांच्याकडे असलेली माहिती मागणारा अर्ज, टाका, फुकट असते, महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. तपासनिसाच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण आहे का ते त्यातच लेखी विचारा. खोटं नाव सांगणं हा गुन्हा आहे, तेव्हा रेल्वे पोलिसांकडे तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर प्रत्येक पत्रावर टाका. तुमच्या नकळत कोर्टात दोषी ठरलाच असाल तर कळल्यापासून २१ दिवसांत स्टॅच्युटरी डिक्लरेशन, म्हणजे मला खटल्याची कल्पनाच नव्हती असं शपथेवर निवेदन, द्या, निकाल रद्द होतो. माझी रिक्वेस्ट गेलीय, उत्तर अजून नाही.

आणि रेल्वेवाल्यांनो, एक जन्मतारीख विचारायला काय होतं रे तुम्हाला? बँकेचं कार्ड बघा, फोनवरचा एखादा मेल बघा, काहीही बघा. नाव-पत्ता काय, कुठल्याही पिझ्झाच्या खोक्यावर असतो. तुमचा आळस आणि दंड मी भरायचा?

आणि तू. आठ महिने एका घरात राहिलास, माझ्या आईने पाठवलेल्या चकल्या खाल्ल्यास, जाताना कुकर घेऊन गेलास, काही बोललो नाही. इंडक्शनवर चालणारा होता तो. पण ह्या देशात माझ्या नावाचं स्पेलिंग वडिलांच्या नावासकट बिनचूक येणारा माणूस एकच आहे, आणि तो सकाळी रेडिंगला जातो. लाज वाटायला पाहिजे तुला.