लेझर कटर, काका आणि रेग्झिन

पोरगं डॉक्टर झालं की नातेवाईक फुकटात बीपी बघून घेतात, वकील झालं की सातबारा घेऊन येतात, आणि पोरगं कॉलेजच्या मेकरस्पेसमधे, म्हणजे लेझर कटर, ड्रिल असली मशीनं पोरांना वापरायला मिळतात त्या लॅबमधे, व्हॉलंटियर आहे म्हटल्यावर काय काय घेऊन येतात ते मला विचारा. दारावरच्या पाट्या, मोडलेली मिक्सरची बटणं, एकदा तर आजीच्या वॉकरचा पाय. मी तिथं नक्की काय करतो? लॉगबुकात सही घेतो, डोळ्यावर गॉगल आहे का बघतो आणि लेझर चालू ठेवून चहाला निघालेल्याला दारातनं परत फिरवतो, कारण ॲक्रिलिक कापता कापता कधी पेट घेईल सांगता येत नाही आणि तेव्हा मशीनपाशी माणूस पाहिजे. पण हे घरी कोण ऐकतंय. आमच्या खानदानात त्याला ‘आपल्या पोराचं वर्कशॉप’ म्हणतात.

त्यात आमचे थोरले काका. हौशी नाटकातला जुना आवाज, शेवटच्या रांगेतला झोपलेला माणूस उठवणारा. रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं की विश्रामबागच्या घरात मधल्या खोलीत स्टुडिओ करायचा आणि सांगलीच्या नाटकांच्या गोष्टी सांगायच्या, सुरुवात अर्थातच १८४३ च्या ‘सीता स्वयंवर’पासून. माईकपासून तोंड वीतभर लांब ठेवा म्हटलं की, "विष्णुदास भाव्यांच्या वेळी माईक होता का रे?" नव्हता काका, पण तेव्हा आवाज फाटला की पेटणारा क्लिपिंगचा लाल दिवापण नव्हता.

माईक त्यांनी मला न विचारताच मागवला, कंडेन्सर, म्हणजे लांबचा बारीक आवाजसुद्धा पकडणारा. त्याला इंटरफेसमधनं, म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडायच्या डब्यातनं, ४८ व्होल्टची फँटम पॉवर दिली (माईकच्या वायरीतनंच जाणारी वीज), हेडफोन लावला आणि काकांचा आवाज सोडून सगळी सांगली ऐकू आली. काकूंचा कुकर, शेजारची बोअरची मोटर, यार्डाकडं निघालेला हळदीचा ट्रक, आणि वर गरागरा फॅन. काका म्हणाले, "साउंडप्रूफ कर."

आता हे समजावणं म्हणजे खरी परीक्षा. फोम लावला म्हणून बाहेरचा आवाज आत यायचा थांबत नाही, त्याला वजनदार भिंत आणि फटी बुजवलेलं दार-खिडकी लागतं. फोम फक्त खोलीतला घुमणारा आवाज खातो, तोसुद्धा बारीक, चिरका. काकांचा आवाज शंभर हर्ट्झच्या आसपास, म्हणजे त्याच्या एका लाटेची लांबी साधारण ३.४ मीटर, आणि खोली जेमतेम दहा फुटांची, तिथं इंचभर फोम काय करणार? काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी अंड्याचे ट्रे आणले. त्यानं काही होत नाही आणि वर पेटायची भीती, पण हे सांगायची वेळच आली नाही, देवघराच्या भिंतीला अंड्याचे ट्रे लागणार म्हटल्यावर काकूंनी तो विषय दोन वाक्यात संपवला.

मग रेग्झिन आलं. मरून रंगाचं, थिएटरसारखं. भिंतीवर गाद्या मारायच्या आणि त्यावर लेझरनं कमळाची नक्षी कापून आणायची. मी नाही म्हटलं. त्या रेग्झिनमधे पीव्हीसी, फ्लेक्सच्या बोर्डात असतं तेच प्लास्टिक, आणि पीव्हीसीवर लेझर मारला की हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, म्हणजे ओलाव्याशी गाठ पडली की आम्लच, मशीनचे रूळ गंजणार, लेन्स जाणार आणि शेजारी उभ्या माणसाच्या छातीची वाट लागणार. काका म्हणाले, "अरे एकच तुकडा तर हाय." मशीनला एका मिनिटाचं काम, पण हे ‘नाही’ घरात महिनाभर पुरलं. बाबा म्हणाले, "सुट्टीदिवशी काप की गुपचूप." आत्यानं फोनवर, "आता मोठा झाला तो." काका तर जेवताना मीठसुद्धा माझ्याकडं मागेनात.

शेवटी लॅबच्या सरांनीच तोड काढली. लाकडी चौकटी करा, दोन बाय चार फुटाच्या, आत रॉकवूल, म्हणजे दगडाच्या धाग्यांची लोकर, भरा, हे करायला परवानगी आहे, पण काकांनी स्वतः यायचं आणि ट्रेनिंग घ्यायचं. काका आले. नेहरू शर्ट, उपरणं. ड्रिल मशीनपाशी सरांनी उपरणं काढायला लावलं, सैल कपडा फिरत्या बिटात अडकला तर माणूस ओढला जातो, आणि मला वाटलं आता नाटक होणार, पण काकांनी ते इतक्या दिमाखात काढून खुर्चीवर ठेवलं की दोन पोरांनी टाळ्या वाजवल्या. लॉगबुकात ऑटोग्राफसारखी सही केली. बोर्डावरच्या ‘सुरक्षीतता’तली दीर्घ वेलांटी खिशातल्या पेननं ऱ्हस्व केली. तिथनं पुढं सर त्यांना ‘गुरुजी’ म्हणायला लागले आणि मला कुणी विचारेना.

रॉकवूलला मास्क आणि हातमोजे घालायचे, नाहीतर अंग खाजून जीव जातो. वरचं कापड असं पाहिजे की तोंडाला लावून फुंकलं तर हवा आरपार गेली पाहिजे, तरच आवाज आत शिरतो (म्हणजे रेग्झिन तसंपण बादच होतं, पण हे मी मोठ्यानं बोललो नाही). काका घरी जाऊन कपाटापुढं उभे राहिले आणि काकूंच्या एकेक साडीवर फुंकर मारायला लागले. काकू बघत होत्या. नारायणपेठपर्यंत आल्यावर त्यांनी मुकाट्यानं सुती चादरी काढून दिल्या.

पॅनेल भिंतीपासून चार बोटं सोडून लावले, दोन कोपऱ्यांत आडवे. घुमणं बरंच कमी झालं. मोटर आणि ट्रक अर्थात तसेच, म्हणून आता मित्राचा डायनॅमिक माईक, जो तोंडाजवळचंच ऐकतो, आणि पहाटे पाचची वेळ. फॅन बंद, घंटागाडी यायच्या आत एक गोष्ट संपवायची. काकूंनी चहा त्यानंतरच ठेवायचा असा काकांचा नियम, आणि चहा आधीच ठेवायचा असा काकूंचा.

काका आता येईल त्याला खोली दाखवतात, "पुतण्यानं कॉलेजात फुकटात करून दिलं" म्हणून. फुकटात काही नाही, लाकडाचे पैसे बाबांनी भरलेत. पण बातमी पोचायची तिथं पोचली. काल आत्याचा फोन, तिच्या पोरीच्या रुखवतासाठी मोर कापून पाहिजेत, पन्नास, बारीक जाळीचे. मी विचारलं, मटेरियल काय आणलंयस?

"आणायचंय कशाला? इलेक्शनचे फ्लेक्स पडलेत की माळ्यावर."