काम देण्याआधी कहाणी मागा

बडोद्यात चित्रपट काढण्याचे दिवस आले आहेत. आपणही दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या इमारतीत, खाली दातांचा दवाखाना आणि वर आपले कार्यालय, अशी पाटी लावून मोकळे झाला असाल, तर आपले मनःपूर्वक अभिनंदन. चित्रपटाचा विषय सामाजिक आहे, हे ओघाने आलेच. शिवाय आपल्या मनात असेही आले आहे की स्त्रीच्या दुःखाला केवळ पडद्यावर न्याय देऊन भागायचे नाही. या धंद्यात अत्याचार सोसलेल्या एखाद-दुसऱ्या बाईला आपल्या युनिटमध्ये सामावूनही घ्यावे. विचार थोर आहे. मात्र तो अमलात आणताना नवख्या माणसाच्या हातून घोटाळा होण्याचा संभव असतो, आणि त्यातला सर्वांत मोठा घोटाळा म्हणजे तिला खरोखरच काम दिले जाणे. तो टळावा म्हणून हा प्रपंच.

पहिली बैठक शब्दावर घ्यावी. 'पीडिता' म्हणावे, 'अत्याचारग्रस्त' म्हणावे की 'सर्व्हायव्हर' म्हणावे, यावर दोन संध्याकाळी सहज निघतात, शेवउसळीच्या पाच-सहा प्लेटी होतात आणि उठताना आपण तिच्यासाठी काहीतरी केले अशी भरल्या पोटाची भावना येते. कंटिन्युइटी (म्हणजे एका शॉटमधले कपडे आणि वस्तू पुढच्या शॉटशी जुळताहेत ना, याची नोंद ठेवणे), ध्वनिमुद्रण, वेशभूषा, हिशेब हे शब्द त्या बैठकीत येऊ देऊ नयेत. ते कामाचे शब्द आहेत, आणि कामाच्या शब्दापुढे महिन्याचा आकडा लिहावा लागतो. जाहिरात देण्याचा आग्रह कोणी धरलाच, तर तीत उगवता सूर्य आणि एकमेकांत गुंतलेले दोन हात असावेत. पद, वेळ आणि मानधन नसावे. एरवी आपण माणसे कशी घेतो? 'उद्या सहाला ये' असा रात्री साडेअकराचा फोन करून घेतो. ज्यांचे नाव कोणाच्याच फोनमध्ये उरलेले नाही, त्या या पद्धतीतून आपोआप गळतात, आणि गाळल्याचा दोष आपल्याकडे येत नाही.

मुलाखत मात्र जरूर घ्यावी. अशी एक मुलाखत मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पाहिली आहे. कोणाची ते सांगत नाही, कारण त्या जिन्याने मला अजून जा-ये करायची आहे. टेबलाच्या एका बाजूला निर्माते, दिग्दर्शक आणि लेखक. दुसऱ्या बाजूला पस्तिशीच्या एक बाई. त्यांनी कापडी पिशवीतून एक जाड, लांबट वही काढली आणि मधोमध उघडून या तिघांपुढे ठेवली. कंटिन्युइटीची वही होती. माझ्या जागेवरून एक पान दिसत होते: दृश्य क्रमांक, शॉट क्रमांक, लेन्स, आणि खाली बारीक अक्षरात, 'उजव्या हातात बांगड्या सहा, डाव्या हातात पाच. पदर खांद्यावरून सुटलेला. कप अर्धा, कपाचा कान खिडकीकडे.' संकलनाला बसून दोन शॉट जुळवण्याची धडपड ज्याने एकदा केली आहे, त्याला अशा वहीची किंमत सांगावी लागत नाही. एका बांगडीपायी अख्खा दिवस पुन्हा शूट करावा लागलेली माणसे मी पाहिली आहेत.

लेखकाने मोबाईलचे रेकॉर्डिंग चालू केले, तो मोबाईल त्या उघड्या वहीवर ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाला, ''ताई, अगदी सुरुवातीपासून सांगा. घाई नाही.''

''सुरुवातीपासून म्हणजे, नऊ वर्षं कंटिन्युइटी केली,'' बाई म्हणाल्या. ''चार चित्रपट, दोन मालिका.''

''ते नाही हो. ते.''

''त्याची केस चालू आहे. त्यावर मी इथे बोलणार नाही. मानधन किती आणि पॅकअप साधारण किती वाजता, एवढं सांगितलंत तर बरं होईल.''

निर्माते दुखावले. ''आम्ही तुम्हाला घरचं माणूस समजून बोलावलं आणि तुम्ही एकदम व्यवहारावर आलात,'' असे ते म्हणाले. हे वाक्य आपणही पाठ करून ठेवावे. घरच्या माणसाला मानधन मागता येत नाही, घरच्या माणसाला वेळ विचारता येत नाही, आणि घरच्या माणसाने घरातली गोष्ट बाहेर सांगायची नसते. एका शब्दात करारपत्राची तीन कलमे मिटतात. बाई पाच मिनिटांत उठून गेल्या, मोबाईलखालची वही तशीच राहिली, आणि तिघांचे एकमत झाले की त्या अजून सावरलेल्या दिसत नाहीत.

पाहुण्यांपुढे शहराची थोरवी गाताना दादासाहेब फाळके आपल्या कलाभवनात शिकले, हे आपण सांगतोच. पण भरतीच्या बाबतीत दादासाहेबांचा कित्ता गिरवू नये. 1913 साली पहिल्या चित्रपटासाठी स्त्री मिळेना, तेव्हा त्यांनी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना तारामती केले. पुढच्या चित्रपटात, त्याच वर्षी, दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी झाली. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या आणि नाटक कंपनीत काम करून मुलीला वाढवणाऱ्या. भारतीय पडद्यावरच्या पहिल्या स्त्रिया त्या या मायलेकी. आता पाहा, असे घर सोडून आलेले पात्र आयते हाती लागले असताना फाळक्यांनी तिच्या घर सोडण्यावर चित्रपट काढला नाही. तिला पार्वतीचे काम दिले. त्या काळी मुलाखतीचे शास्त्र फारसे विकसित झालेले नव्हते, एवढेच म्हणायचे.

मुलाखतीनंतर मागच्या ठिकाणी चौकशी करावी. फोन शक्यतो ज्याच्याविरुद्ध तिने तक्रार केली त्यालाच लावावा, कारण तिला त्याच्याइतके जवळून कोण ओळखते? तो वाईट बोलेल ही शंकाही मनात आणू नये. तो म्हणेल, ''काम चोख आहे, पण...'' आणि थांबेल. त्या 'पण'नंतरच्या शांततेत एका बाईची दहा वर्षे मावतात. ही पद्धत आपल्याकडचीच आहे असा गैरसमज नसावा. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी 2017 च्या डिसेंबरात सांगितले की फार पूर्वी मिरामॅक्स या अमेरिकी चित्रपट कंपनीच्या लोकांनी त्यांना बजावले होते, अभिनेत्री अ‍ॅशली जड आणि मीरा सोर्व्हिनो यांच्याबरोबर काम करणे म्हणजे डोक्याला ताप. आणि त्यांनी त्या दोघींची नावे यादीतून काढली. या दोघींनी मिरामॅक्सचे तेव्हाचे प्रमुख, निर्माते हार्वी वाइन्स्टीन यांच्याविरुद्ध केलेले लैंगिक छळाचे आरोप त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जगापुढे आले होते. म्हणजे तक्रार लोकांना कळण्याच्या कितीतरी आधी 'पण' कळलेला असतो. दक्षिणेत गायिका आणि डबिंग कलाकार चिन्मयी श्रीपाद यांनी 2018 साली लैंगिक छळाचे आरोप केले आणि पुढच्याच महिन्यात डबिंग कलाकारांच्या संघटनेने त्यांचे सदस्यत्व काढले. कारण दिले वर्गणी थकल्याचे. चिन्मयींना ते मान्य नव्हते, पण तो भाग वेगळा. वर्गणीच्या वह्या नीट ठेवाव्यात, एवढा बोध आपण घ्यावा.

कायद्याची भीती बाळगू नये, ओळख मात्र असावी. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 चा आहे, आणि जिथे 10 किंवा अधिक माणसे कामाला आहेत तिथे अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे असे तो म्हणतो. तेव्हा हजेरीपटावर 9 जण ठेवावेत आणि बाकीचे सगळे रोजंदारीवर, ठेक्यावर किंवा 'शिकायला आलेली मुले' म्हणून दाखवावेत. कर्मचाऱ्याच्या व्याख्येत हे सगळेच बसतात, असे त्याच कायद्याच्या सुरुवातीला लिहिले आहे. म्हणून सुरुवातीची पाने वाचू नयेत. समिती नेमणे अगदीच टळत नसेल, तर अध्यक्ष म्हणून आपल्याकडे वरच्या पदावर काम करणारी स्त्री लागते, आणि येथे खरी पंचाईत उभी राहते. अशी स्त्री आपल्याकडे नाही, कारण ज्या वही घेऊन आल्या त्यांना आपण कहाणी विचारून परत पाठवले. बाहेरचा एक सदस्य लागतो, या विषयाची जाण असलेला. तिथे मावशींचे नाव घालावे, त्या हळदीकुंकवाला शंभर बायका जमवतात. (सोसलेला माणूस मुलगा असेल, स्पॉटवर चहा देणारा किंवा चौथा साहाय्यक, तर एवढेही करायला नको. हा कायदा स्त्रियांपुरताच बोलतो, आणि मुलग्यांच्या बाबतीत हसून सोडायची आपली परंपरा आहे.)

गणितही आपल्याच बाजूचे आहे. तक्रार 3 महिन्यांत करायची, चौकशी 90 दिवसांत संपवायची, आणि आपले शेड्यूल 28 दिवसांचे. एकोणतिसाव्या दिवशी लाइटवाले अहमदाबादला, जनरेटर सुरतेला आणि दिग्दर्शक पुढच्या चित्रपटाच्या जागा पाहायला, म्हणजे रेकीला, गेलेला असतो. मग समिती कोणत्या टेबलाशी बसून कोणाला बोलावणार? केरळ उच्च न्यायालयाने मार्च 2022 मध्ये प्रत्येक चित्रपटाचे युनिट हीच कामाची जागा मानून तिथे समिती असली पाहिजे असा निकाल दिला खरा, पण तो केरळचा आहे असे म्हणून आपण बडोद्याच्या रावपुऱ्यात निर्धास्त राहावे. कायदा साऱ्या देशाचा आहे, असे वकिलाने सांगितल्यास वकील बदलावा. समिती नेमली नाही तर 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. नायकाच्या व्हॅनिटी व्हॅनच्या खर्चात तो कुठे गेला ते हिशेबनिसालाही कळणार नाही.

व्हॅनिटी व्हॅनवरून आठवले. शूटिंगसाठी आपण रावपुऱ्यातला एखादा जुना लाकडी वाडा घ्याल. कोरलेले खांब, मधला चौक, सकाळी नऊ ते अकरा चौकात उतरणारे ऊन. छायाचित्रकार त्यावर जीव टाकेल. संडास एकच, मागच्या जिन्याखाली. त्याला कडी नाही, सुतळी आहे, आणि आत नायकाचे जास्तीचे कपडे हँगरला लावलेले आहेत, कारण वाड्यातली तेवढीच जागा कोरडी. युनिटमधल्या बायका दुपारी समोरच्या काकूंकडे जातात. पहिले चार दिवस काकू सरबत देतात, पाचव्या दिवसापासून दार लोटून घेतात. मग बायका पाणी पिणे सोडतात. हे मी मनचे सांगत नाही. 2017 साली एका अभिनेत्रीवर झालेल्या हल्ल्यानंतर केरळ सरकारने न्या. हेमा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि सेटवर स्वच्छतागृह नाही म्हणून बायका तासन्‌तास पाणी पीत नाहीत, हे तिच्या अहवालात आहे. अहवाल 31 डिसेंबर 2019 ला सरकारच्या हाती पडला आणि काही भाग वगळून 19 ऑगस्ट 2024 ला लोकांपुढे आला. संडासाला कडी हवी, हा निष्कर्ष साडेचार वर्षे मुरवावा लागला, यावरून विषयाचे गांभीर्य लक्षात यावे. आपणही घाई करू नये. एकदा मार खाल्लेली बाई सुतळीने बांधलेल्या दारामागे जाताना काय विचार करत असेल, याची चौकशी आपण मुलाखतीत केली आहेच. लोहाराला बोलावण्याचे कारण नाही.

इतके करूनही एखादी चिवट बाई युनिटमध्ये आलीच, तर ज्याच्याविरुद्ध तिची तक्रार आहे त्या गृहस्थांच्या तारखा मिळतात का पाहावे. त्यांचे नाव मोठे आहे, पोस्टरला वजन येते, आणि ''दोघंही प्रोफेशनल आहेत'' असे म्हटले की बोलणाऱ्याची उदारता दिसते. कोर्टाच्या तारखेला तिने सुटी मागितली, तर कॉलशीट, म्हणजे कोणी किती वाजता सेटवर यायचे त्याचा कागद, दाखवावी. रात्री दोनला पॅकअप झाले आणि तिला मांजलपूरला जायचे असेल, तर गाडी नायकाच्या जिम ट्रेनरला सोडायला गेली आहे असे सांगावे. ते बहुधा खरेही असते. करार शेवटच्या आठवड्यात करावा. प्रसिद्धी मात्र पहिल्या दिवसापासून करावी. बलात्कारपीडितेचे नाव छापणे गुन्हा आहे, तेव्हा नाव न घेता 'वाडी भागात राहणारी, पूर्वी अमुक मालिकेला असलेली, एक मुलगा असलेली' इतपत सांगून थांबावे. ओळख पटेल असे काहीही छापायला तोच कायदा बंदी घालतो, पण आपण कायद्याची पाने कोणती वाचायची नाहीत ते मघाशीच ठरवले आहे.

आता ती वही. ती अजून आपल्या टेबलावर असेल. पंख्याने बिले उडू नयेत म्हणून तिचा उपयोगही होत असेल. नऊ वर्षांच्या कामाचा तोच एक पुरावा बाईंजवळ आहे, त्यामुळे ती न्यायला त्या येतीलच. जिन्यावर पावले वाजली की बिले बाजूला करावीत, मोबाईल रेकॉर्डिंगवर लावून पालथा ठेवावा, आणि वही हातात देण्याआधी, सहज विचारल्यासारखे, पुढे काय झाले ते विचारून घ्यावे. लेखकाला शेवट अजून सुचलेला नाही.