कुलूप दिसलं, पीएनआर उघडला, म्हणजे तिकीट पक्कं?

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला दहा-बारा ग्रुपांवरून आला. ‘स्वस्त विमान तिकिटाची साइट खरी की खोटी, दोन मिनिटांत ओळखा’ असा मथळा आणि खाली हिरव्या टिका मारलेले सहा मुद्दे. साइटच्या पत्त्याशेजारी कुलूप असेल तर साइट सुरक्षित. आयाटाचा शिक्का आणि जीएसटी नंबर असेल तर विक्रेता अधिकृत. पीएनआर विमान कंपनीच्या साइटवर उघडला तर तिकीट शंभर टक्के पक्कं. भाव निम्म्यावर आला असेल तर फसवणूक, पाच-दहा टक्के कमी असेल तर खरा. ‘नॉन-रिफंडेबल’ लिहिलं असेल तर एक रुपयाही परत येत नाही, आणि मधल्या माणसाकडून घेतलं असेल तर कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही. शेवटचा मुद्दा: एवढी कटकट नको असेल तर थेट कंपनीच्या साइटवरून घ्या, पैसा कुठे जात नाही.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण यातला एकही मुद्दा जसा लिहिलाय तसा खरा नाही, आणि तिसरा तर सरळ खड्ड्यात घालणारा आहे.

अमळनेरला माझं तिकिटांचं दुकान आहे. आधी रेल्वेची काढायचो, मग बसची, आता विमानाचीही काढतो. म्हणजे लोकांनी मोबाइलवर परस्पर तिकिटं काढली की माझं गिऱ्हाईक जातं. माझा स्वार्थ आहेच, तेवढं धरूनच पुढचं वाचा.

कुलुपाचं लवकर आटपतो. ते कुलूप एवढंच सांगतं, की तुमचा मोबाइल आणि ती साइट यांच्यामधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू जात नाही. समोर बसलेला चोर आहे की साव, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. ते प्रमाणपत्र फुकट मिळतं, दहा मिनिटांत मिळतं, चोरालाही मिळतं. लोक त्या खुणेचा भलताच अर्थ घेतात म्हणून गूगलने 2023 च्या सप्टेंबरात क्रोममधून ते कुलूपच काढून टाकलं. मेसेज मात्र अजून कुलूप शोधायला सांगतोय.

आयाटाचा शिक्का. आयाटा ही जगभरच्या विमान कंपन्यांची संघटना. ती एजन्सींना मान्यता देते, क्रमांक देते. पण साइटच्या तळाशी चिकटवलेला शिक्का म्हणजे चित्र. चित्र कोणीही कॉपी करतं. क्रमांक मागा आणि तो आयाटाच्या स्वतःच्या साइटवर टाकून बघा, कोणाच्या नावावर आहे ते कळतं. उलट बाजूही सांगतो. माझ्या दुकानाला आयाटा नाही. माझ्यासारखे तालुक्याच्या गावचे बरेच जण मुंबई-पुण्याच्या मोठ्या एजन्सीकडून लॉगिन घेतात, तिथल्या वॉलेटमध्ये आगाऊ पैसे भरतात आणि त्यातून तिकिटं काढतात. शिक्का नाही म्हणून आम्ही लबाड ठरत नाही.

जीएसटीचंही तसंच. नंबर खरा असतो, फक्त दुसऱ्याचा असतो. एका ‘मुंबईच्या’ साइटवरचा नंबर मी जीएसटीच्या पोर्टलवर टाकला. सुरुवात 27 ने, म्हणजे महाराष्ट्राचा खरा. नाव निघालं प्लायवूडच्या दुकानाचं. त्या बिचाऱ्याला आपण विमानाची तिकिटं विकतोय याचा पत्ताही नसेल.

आता तिसरा मुद्दा. याच्यासाठीच हे लिहायला बसलो.

दिवाळीनंतर पारोळा तालुक्यातले एक काका-काकू दुकानात आले. कपाशीवाले. मुलगा कॅनडात, नातू झालेला, पहिल्यांदाच विमानात बसणार. पिशवीत प्लास्टिकच्या कव्हरात घातलेला तिकिटाचा कागद, मुंबई ते टोरांटो, दोघांची नावं बरोबर. काकांनी तो टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “भाऊ, हाई खरं शे का? मना पोर म्हणस एकदा दखाडी या.” तिकीट एका इंटरनेटवरच्या विक्रेत्याकडून घेतलेलं. इतरांपेक्षा दोघांमागे सव्वीस हजार कमी. विक्रेत्याने फोनवर सांगितलं होतं, विश्वास नसेल तर कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून बघा. मुलाने तिकडून टाकून बघितला. दोन्ही नावं, तारीख, विमान, सगळं दिसलं. मग काकांनी पैसे पाठवले.

मी कागद हातात घेतला आणि एकच जागा शोधली. ‘ई-तिकीट क्रमांक’ असं छापलेलं होतं आणि पुढे कोरं.

हे नीट समजून घ्या. पीएनआर ही सहा अक्षर-आकड्यांची खूण म्हणजे आरक्षणाची नोंद. तिकीट नव्हे. मोठ्या कंपन्यांच्या विमानात एजंट पैसे न भरता जागा धरून ठेवू शकतो, धंद्यात त्याला होल्ड म्हणतात. नोंद तयार होते, पीएनआर पडतो, कंपनीच्या साइटवर तो उघडतोही. ठरलेल्या मुदतीत पैसे भरून तिकीट काढलं नाही तर नोंद आपोआप गळून पडते. व्हिसाच्या अर्जाला जोडण्यापुरती अशी नोंद करून देणारे तर उघड जाहिरात करतात. तिकीट खरोखर निघालं की त्याला तेरा आकडी क्रमांक पडतो आणि त्याचे पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात. एअर इंडियाचे 098, एमिरेट्सचे 176, लुफ्तान्साचे 220. इंडिगोसारख्या स्वस्तातल्या कंपन्यांचा कारभार वेगळा. तिथे बहुधा पीएनआर हेच तिकीट, त्यामुळे तिथे ‘कन्फर्म्ड’ लिहिलंय का आणि पैसे भरलेले दिसतात का ते बघायचं.

आपल्या लोकांना हे अवघड नाही खरं तर. जळगावला सोनं घ्यायला गेलं की आता दागिन्यावरचा सहा अक्षरी एचयूआयडी नंबर बघतोच ना आपण? सरकारच्या ॲपवर टाकून बघतो, कॅरेट जुळतंय का ते ताडतो. ‘सराफाचं दुकान मोठं आहे’ एवढ्यावर कोणी लाखाचा ऐवज घेत नाही. मग दोन लाखांच्या तिकिटाला ‘साइट चांगली दिसते’ एवढं कसं पुरतं?

मी काकांसमोर पीएनआर टाकला. नोंद सापडली नाही. मुदत आदल्या रात्री संपली असणार. “कंपनीना साइटवर आमनं नाव व्हतं ना भाऊ!” काकू दोनदा म्हणाल्या. होतं. खरंच होतं.

आणि तेरा आकडे दिसले तरी पूर्ण निर्धास्त होऊ नका. दोन वाटा उरतात. एक म्हणजे चोरलेल्या क्रेडिट कार्डावर काढलेलं तिकीट. ते अस्सल असतं. कार्डाच्या मालकाने बँकेत तक्रार केली की कंपनी ते रद्द करते, आणि विमानतळावर अडकतो तो प्रवासी. युरोपोल अशा तिकिटांसाठी वर्षानुवर्षं विमानतळांवर मोहिमा काढतंय. दुसरी वाट आमच्याच धंद्यातली, सांगायला लाज वाटते. एजंट तिकीट काढतो, गिऱ्हाइकाला दाखवतो, आणि चार दिवसांनी गुपचूप रद्द करतो. रिफंड त्याच्या वॉलेटमध्ये. गिऱ्हाइकाला कळत नाही, कारण नोंदीत मोबाइल नंबर आणि ई-मेल एजंटचेच टाकलेले असतात. म्हणून तिकीट निघाल्यावर कंपनीला फोन करून नोंदीत तुमचा नंबर आहे का ते विचारा. नसेल तर घालून घ्या. आणि निघण्याच्या आठवडाभर आधी पुन्हा एकदा उघडून बघा.

भावाचा मुद्दा. निम्म्या भावात म्हणजे खोटं, हे सरसकट खरं नाही. मोठे एजंट लग्नसराईच्या, सुट्ट्यांच्या तारखांना विमानातल्या जागा घाऊक भावाने आधीच उचलून ठेवतात. त्याला ग्रुप फेअर किंवा सिरीज फेअर म्हणतात. तारीख जवळ आली आणि जागा खपल्या नाहीत की मिळेल त्या भावाने काढतात, आठवडी बाजारात सांज झाली की भाजीवाला ढीग काढतो तसं. मी स्वतः अशी तिकिटं विकली आहेत, साइटवरच्या भावापेक्षा कितीतरी कमी किमतीत. तिकीट खरं असतं, फक्त रद्द केलं तर बहुतेक काही हाती लागत नाही आणि नाव बदलणं कठीण.

उलट पाच टक्के स्वस्त म्हणजे खरं, हा तर फसवणाऱ्याला दिलेला सल्लाच झाला. तो काय मूर्ख आहे का निम्म्या भावाची पाटी लावायला?

मग भाव बघून काही कळतच नाही का? कळतं, पण आकडा बघून नाही, सूट कुठून आली ते विचारून. तिकिटातले कर आणि विमानतळाचे शुल्क कोणीच माफ करू शकत नाही. आमचं कमिशन म्हणाल तर चहापाण्यापुरतं. म्हणजे सूट येते ती बँकेच्या कार्ड-ऑफरमधून, घाऊक जागांमधून, किंवा साइट स्वतः पदरचं घालून गिऱ्हाईक ओढते त्यातून. यातलं काहीच विक्रेत्याला सांगता येत नसेल तर उठा. आणखी एक ठिकाण आहे, ते मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक, सैन्यदल यांच्यासाठी कंपन्यांचे वेगळे सवलतीचे भाव असतात. काही विक्रेते तुम्ही विद्यार्थी आहात की नाही न विचारताच त्या भावात तिकीट काढून देतात. इथल्याच एका गिऱ्हाइकाचा पुतण्या, कंपनीत नोकरीला, मुलाखतीसाठी पुण्याहून दिल्लीला निघालेला. काउंटरवर कॉलेजचं ओळखपत्र मागितलं. नव्हतं. पीएनआर खरा, साइट नावाजलेली, तिकीट अस्सल, आणि पोरगा काउंटरपाशी उभा. फरकाचे पैसे भरून शेवटी गेला. तेव्हा तिकिटावर भावाचा प्रकार काय लिहिलाय तेवढं वाचा.

पाचवा मुद्दा लोकांचं नुकसान गुपचूप करतो. नॉन-रिफंडेबल म्हणजे मूळ भाडं गेलं. पण डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा नियम आहे, की आपल्या देशातल्या कंपनीला रद्द करण्याचा आकार मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्यापेक्षा जास्त लावता येत नाही. सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत द्यावीच लागतात, तुम्ही विमानतळावर गेलाच नाहीत तरी. स्वस्त तिकिटात हीच रक्कम कधी कधी भाड्याच्या जवळ जाते. लोक मागतच नाहीत. आणि त्याच नियमात म्हटलंय, की तिकीट एजंटकडून किंवा पोर्टलवरून घेतलं असलं तरी रिफंडची जबाबदारी विमान कंपनीची, कारण एजंट हा तिने नेमलेला प्रतिनिधी. साइटवाला ‘कंपनीकडून आले नाहीत’ म्हणतो, कंपनी ‘आम्ही एजंटला दिले’ म्हणते, आणि या टोलवाटोलवीत माणूस दमतो. अशा वेळी कंपनीला लेखी द्या, नियमाचा उल्लेख करा, मग 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. साइटची स्वतःची ‘सुविधा फी’ मात्र बहुधा परत येत नाही. शिवाय हे सगळं खऱ्या तिकिटाला लागू. निघालंच नाही त्या तिकिटाची जबाबदारी कोणती कंपनी घेणार?

तक्रारीवरून आठवलं. साइटचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधू नका. वर ‘प्रायोजित’ लिहून येणारा पहिला नंबर अनेकदा चोरट्याचाच असतो. रिफंड देतो म्हणून तो तुमच्याच मोबाइलवर ॲप टाकायला लावतो.

राहिला थेट कंपनीकडून घेण्याचा सल्ला. बऱ्यापैकी बरोबर आहे, माझ्या पोटावर पाय येत असला तरी. पण ‘पैसा कुठे जात नाही’ हे जळगाव जिल्ह्यातल्या माणसाने तरी म्हणू नये. डिसेंबर 2017 मध्ये उडान या, लहान शहरांना विमानाने जोडणाऱ्या सरकारी योजनेतून जळगावला विमान सुरू झालं, ते एअर डेक्कनचं. ती बंद पडली. मग ट्रूजेट आली, तीही बंद पडली. मोठ्यांमध्ये जेट एअरवेज एप्रिल 2019 ला थांबली, गो फर्स्ट मे 2023 ला. गो फर्स्टच्या साइटवरून थेट तिकीट काढलेल्यांचेही पैसे दिवाळखोरीच्या प्रकरणात अडकले. तेव्हा ज्यांनी क्रेडिट कार्डाने भरले होते त्यांना निदान बँकेत वाद घालायची जागा होती. सेवा मिळाली नाही म्हणून कार्डाचा व्यवहार उलटवता येतो. मेसेजमध्ये सहा मुद्दे आहेत, पण पैसे कशाने भरता यावर एक अक्षर नाही, आणि माझ्या मते अर्धा निकाल तिथेच लागतो. यूपीआयने पाठवण्याआधी स्क्रीनवर समोरच्याचं बँकेतलं नाव येतं. ट्रॅव्हल कंपनीच्या जागी एखाद्या माणसाचं नाव दिसलं तर बोट तिथेच थांबवा.

काकांच्या मोबाइलवर आम्ही ते बघितलं. पैसे एका व्यक्तीच्या नावावर गेले होते, पडद्यावर नाव स्पष्ट होतं. मी लगेच 1930 लावला, सायबर फसवणुकीचा. जितक्या लवकर लावाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता. आम्हाला चार दिवसांचा उशीर झाला होता. थोडी रक्कम गोठली, बाकीची गेली.

मुलाने तिकडून नवीन तिकीट काढलं, एका नेहमीच्या साइटवरून, कार्डाने. माझ्या दुकानातून नाही. त्या संध्याकाळी काकांचा फोन आला. चष्मा लावून एकेक आकडा वाचत होते, मध्ये चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. एक, सात, सहा... शेवटी म्हणाले, “मोज्यात भाऊ. तेरा शेतस. आते काकूना बी वाची दखाडू का?”