जाळरेषेवरचा पाला

राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत जाळरेषांवरचा, म्हणजे वणवा अडवायला मोकळ्या केलेल्या पट्ट्यांवरचा, पाला उडवायला वर्गणी काढून ब्लोअर घ्यावा की नाही, यावर महिनाभर वाद चालला आहे. "आपल्या वाडवडिलांनी जाळरेषा खराट्याने झाडल्या, मग ही चैन कशाला?" हे थोरल्या काकांचे म्हणणे कळल्यापासून मला चैन पडलेले नाही.

मी अकरा वर्षे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात राहतो आणि इथल्या सीएफए या ग्रामीण अग्निशमन सेवेच्या ब्रिगेडमध्ये स्वयंसेवक आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये याच राज्यातल्या वणव्यांत १७३ माणसे गेली. इथे अवजारावरून मानापमान होत नाहीत. वणव्याला खाद्य कमी उरावे म्हणून केलेल्या नियोजित जाळणीआधी एक जण ब्लोअर पाठीवर घेऊन पुढे चालतो आणि मागचे दोघे रेकहोने (एका बाजूला दाते, दुसऱ्या बाजूला कुदळीसारखे पाते असलेल्या अवजाराने) उरलासुरला पाला व मुळे खरवडून माती उघडी करतात. ब्लोअरने सगळे भागते असे मी म्हणत नाही. दवाने चिकटलेला पाला त्याने उडत नाही, सड्यावरचे, म्हणजे कातळाच्या माळावरचे, गवत आधी कापावेच लागते, तापलेल्या यंत्रात पाचोळ्यावर उभे राहून पेट्रोल भरणे म्हणजे स्वतःच आग लावणे, आणि उडवलेल्या पाल्याची रास रेषेच्या काठाशी राहिली तर सगळी मेहनत फुकट जाते. पण ऐन, किंजळ आणि साग एकाच दिवशी पाने गाळत नाहीत. माघात झाडलेली रेषा शिमग्यापर्यंत पुन्हा पाल्याने भरते, आणि खराट्याची परंपरा सांगणारे नेमके ही दुसरी-तिसरी झाडणी विसरतात.

माझ्या लहानपणी त्या झाडणीला वाडीतली बारा-पंधरा माणसे हिरांचे खराटे घेऊन एका ओळीत उतरत आणि मागे मऊ, तांबडी, खराट्याच्या रेघा उमटलेली वाट उरे. आज त्यांच्यातले बहुतेक चाकरमानी झाले आहेत, मी तर समुद्रापार आहे. चार वर्षांपूर्वी सड्यावरून आलेल्या आगीत वडिलांनी लावलेली वेंगुर्ला-४ काजूची कलमे जळाली. जाळरेषा काढलेली होती, परंतु शिमग्यानंतर ती झाडायला सत्तरीतले वडील एकटेच होते, आणि त्याच आठवड्यात मी इथे परक्यांच्या रानाभोवतीचा पट्टा साफ करत होतो.

ब्लोअरची सगळी किंमत मी भरतो, असे परवा काकांना फोनवर सांगितले. ते म्हणाले, "पैसे नकोत रे, मार्चात चार दिवस ये."

मार्चच्या जाळणीच्या पाळीत इथे माझे नाव आधीच लागले आहे.