वेली गुलाबाच्या छाटणीविषयी खुलासा

‘वेली गुलाब वर्षातून एकदाच फुलत असेल, तर तो बुंध्यापासून छाटा, म्हणजे वारंवार फुलेल,’ हा सध्या फिरणारा सल्ला चुकीचा आहे. पुन्हा फुलणे हा जातीचा गुण आहे, तो कात्रीने येत नाही. ‘डॉ. डब्ल्यू. व्हॅन फ्लीट’ या जातीचा वेली गुलाब एकदाच बहरतो. त्याच्याच फांदीतील उत्परिवर्तनातून (आपोआप झालेल्या आनुवंशिक बदलातून) निपजलेला, १९३१ मध्ये अमेरिकेतील पहिले वनस्पती-पेटंट मिळालेला काटक ‘न्यू डॉन’ मात्र पहिल्या बहरानंतरही फुलत राहतो. एकदाच फुलणाऱ्या जातींना बहुधा गतवर्षीच्या फांद्यांवर फुले येत असल्यामुळे सरसकट छाटणीने पुढचा बहरच हातचा जातो, आणि जोपासलेल्या वेलीचे असे नुकसान पाहवत नाही. फुले वाढवायची असल्यास लांब फांद्या आडव्या बांधाव्यात. शेंड्याचा जोर कमी होऊन बाजूच्या डोळ्यांतून फुलणारे फुटवे निघतात.