मे महिन्यात कोकणात गावाला येताय ना, मग एवढं वाचून या

या की, आंबे आहेत, फणस आहेत, पाण्याचं तेवढं मनावर घेऊ नका. दोन वेळा आंघोळीची सवय ठाण्यातच ठेवून या म्हणजे झालं.

आल्याआल्या नळासोबत फोटो काढा. जलजीवन मिशन २०१९ ला सुरू झालं, माणशी रोज ५५ लिटरचा हिशेब आहे, आणि नळ आमच्या वाडीतपण बसलाय हो! तोटीत कोळ्याने जाळं विणलंय, त्याची काही तक्रार नाही.

पाऊस कमी पडतो काय असं मात्र कोणाला विचारू नका, हसतील. वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पडतो, पण इथला दगड पडला जांभा, भोकाभोकाचा, सह्याद्रीपासून समुद्र हाकेवर, त्यामुळे पाणी अगदी चाकरमान्यासारखं वागतं, आलं की परतीच्या गाडीची घाई. कोयनेचंपण वीज करून झालं की वाशिष्ठीत सोडतात, तिथून जातं समुद्रात. समुद्राला नको काय पाणी?

वहिनी विहिरीवर निघाल्या की मोबाईलवर टायमर लावा. युनिसेफ आणि डब्ल्यूएचओच्या हिशेबात चांगल्या विहिरीवरनं जाऊन-येऊन, रांगेसकट अर्ध्या तासात पाणी आणलं तर ती 'मूलभूत' सोय, एकतिसाव्या मिनिटाला ती 'मर्यादित' होते. तेव्हा डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, कमरेवर आणखी एक, अशा त्या पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढत असल्या की वरनं ओरडून सांगा, वहिनी जरा पाय उचला, देशाच्या आकड्यांचा प्रश्न आहे. (बायका गप्पा मारतात म्हणून रांग वाढते असा आमच्या एका मामांचा शोध आहे. मामा विहिरीवर शेवटचे कधी गेले ते त्यांनाही आठवत नाही.)

पाणी गढूळ दिसलं तर नाक मुरडू नका, मे महिन्यात पोरगं तळात उतरून वाटीने कळशी भरतं तेव्हा थोडी माती येणारच. पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचा वास आला तर उलट खूश व्हा, कोणीतरी येऊन गेलं म्हणायचं.

आणि हक्क वगैरे बोलू नका. २८ जुलै २०१० ला संयुक्त राष्ट्रांनी ठराव केलाय, पाणी हा मानवी हक्क आहे म्हणून. जुलैत काय, आमच्याकडे पागोळीखाली बादली ठेवली तरी भरते, ठराव मे महिन्यात घेतला असता तर गोष्ट वेगळी.

टँकर येतो, कधी ते विचारायचं नाही, पिंप तेवढं रस्त्याला लावून ठेवायचं. आणि कोणाच्या घरी गेलात, समोर गूळपाणी आलं, तर गूळ घ्या.